आयर्न मॅन घेताय? आधी हे तपासा

हिंजवडीत आयटीत काम करणाऱ्या अनेकांच्या डेस्कवर एखादा सुपरहिरो उभा असतो. हाँगकाँगच्या हॉट टॉइजसारख्या कंपनीची १/६ प्रमाणातली फिगर साधारण ३० सेंमी उंच असते आणि किंमत हजारोंत जाते. म्हणून पैसे देण्यापूर्वी एवढं पाहाच:

१. साच्याची रेघ: भोसरी-चाकणच्या मोल्डिंग शॉपमधल्या कुणालाही विचारा, साच्याचे दोन भाग जुळतात तिथे प्लास्टिकवर रेघ उमटते. चांगल्या फिगरमध्ये ती घासून काढलेली किंवा चिलखताच्या खाचेत लपवलेली असते. कडेला प्लास्टिकचा पापुद्रा दिसला, तर काम कच्चं समजा.

२. रंग: डोळे आणि ओठ भिंगातून पाहा. रंग रेषेबाहेर गेलेला नको. नकली मालात नजर बऱ्याचदा तिरळी दिसते.

३. सांधे: फिगर एका पायावर वाकवून उभी करा. घोटे सैल असतील, तर ती हळूहळू कलते.

४. चेहरा: टोनी स्टार्क, म्हणजे आयर्न मॅन आहे, तर ती भूमिका करणारा रॉबर्ट डाउनी ज्युनियर बाजूनेही ओळखू यायला हवा.

५. स्पर्श: मऊ पीव्हीसी चिकट लागलं, तर त्यातलं प्लास्टिसायझर, म्हणजे त्याला मऊ ठेवणारं रसायन, बाहेर येतंय. उन्हात किंवा बंद गाडीत ठेवल्याने हे लवकर होतं.

दिवे असतील तर ते लावून पाहा आणि नंतर बटण सेल काढून ठेवा. सेल गळला, तर सर्किट खराब होऊ शकतं.

जुनी फिगर घेताना फोटोंवर विसंबू नका. समोरासमोर भेटा, हातात घेऊन पाहा, मगच पैसे द्या.