ओटीच्या भिंतीचा रंग

घरीं येणाऱ्याची दृष्टि प्रथम ओटीच्या भिंतीवर पडते. तेथें कोणता रंग द्यावा, हें दुकानांतील नमुन्यावरून नव्हे, तर ओटींतील उजेडावरून ठरवावें.

समोरून ऊन येणाऱ्या ओटींत शुभ्र चुना डोळे दिपवितो. तेथें चुन्यांत पिवडी व थोडी काव मिसळून बदामी छटा आणावी. उत्तरेकडील दारांतून येणारा उजेड निळसर असल्यामुळें पांढरी भिंत उदास भासते. तेथें नुसती चिमूटभर पिवडी घालून हस्तिदंती छटा करावी, म्हणजे ऊब येते व उजेडही कमी होत नाहीं. या मातींना रंग लोखंडाच्या गंजासारख्या द्रव्यांमुळें येतो. तो चुन्यानें वा उन्हानें सहसा विटत नाहीं. अजिंठ्याच्या चित्रांतील अशाच पिवळ्या-तांबड्या माती सुमारें १५०० वर्षांनंतरही ओळखूं येतात.

मात्र बादलींतील रंगावर विश्वासूं नये. ओला चुना गडद दिसतो व वाळल्यावर बराच फिका होतो. म्हणून भिंतीच्या हातभर जागेवर दोन हात देऊन, दुसरे दिवशीं सकाळीं, दुपारीं व दिवा लागल्यावर ती जागा पाहावी. काम करतांना चुन्यापासून डोळे जपावे.

शेवटीं घरांतील वृद्धांस विचारावें. उंबरठा भिंतीहून व जमिनीहून निराळ्या, ठळक रंगाचा असल्यास मंद उजेडांतही त्यांस तो दिसतो. पाहुण्यास प्रसन्न वाटावें आणि आजीला ठेंच लागूं नये, एवढें साधलें म्हणजे रंगाची निवड योग्य झाली असें समजावें.