बेडकांचे खाते

मी कला शाखेचा पदवीधर, आणि पोटासाठी बँकेत कारकून. त्यामुळे प्रयोगशाळेत बेडूक कापण्याची वेळ माझ्यावर कधी आली नाही. बेडकाशी माझी ओळख नागपूरच्या पहिल्या पावसातली. मृगाची सर जोरात आली की आमच्या वस्तीमागच्या रिकाम्या प्लॉटवर डबकी साचत, रात्रभर डराव डराव चाले आणि सकाळी पाहावे तर हळद माखल्यासारखे पिवळेजर्द नर पाण्यात बसलेले असत. आता तेथे घरे उभी आहेत. मागच्या पावसाळ्यात मुलीने विचारले, "पप्पा, ते पिवळे बेडूक नामशेष झाले का?" मी घाईत 'हो' म्हणून मोकळा झालो. उत्तर चुकीचे होते. ते दुरुस्त करण्यासाठी जे वाचन केले, तेच येथे विद्यार्थी मित्रांपुढे ठेवतो.

तो मोठा बेडूक आजही भारतात सर्वदूर आढळतो. आमच्या वस्तीतून तो गेला, म्हणजे एका शाखेतले खाते बंद झाले. बँक बुडाली नाही. अर्थात त्याचाही हिशेब लागतोच. एके काळी याच बेडकाच्या तंगड्या परदेशी हॉटेलांत जात. १९८१ साली भारतातून चार हजार टनांहून अधिक तंगड्या निर्यात झाल्या. धानाच्या बांधीतले बेडूक पोत्यांनी पकडले गेले आणि ते जे किडे खात, ते मागे राहिले. किडीचा उपद्रव आणि औषधांचा खर्च वाढेल, असे अभ्यासक सांगू लागले. अखेर १९८७ मध्ये सरकारने निर्यातच बंद केली.

बेडूक मोठ्या प्रमाणावर गेले तर काय होते, हे मध्य अमेरिकेतील पनामा देशाने पाहिले. तेथे एका बुरशीने बेडकांच्या कातडीला ग्रासले. बेडूक कातडीनेच पाणी घेतो आणि काही अंशी श्वासही घेतो. कातडी बिघडली की अंगातील क्षारांचा तोल जातो आणि हृदय बंद पडते. ओढ्यांतील बेडकांची पिल्ले संपल्यावर दगडांवर शेवाळ माजले, कारण ते खरवडून खाणारे कोणी उरले नाही. बेडकांवर जगणारे सापही कमी झाले. पनामा आणि शेजारच्या कोस्टारिकात बेडूक घटल्यानंतर मलेरियाचे रुग्ण वाढले, असेही २०२२ च्या एका अभ्यासात दिसून आले. २०१९ च्या एका मोजणीनुसार या बुरशीमुळे जगातील निदान ५०१ उभयचर जातींची संख्या घटली आणि त्यांपैकी ९० जाती नामशेष झाल्याचे मानले जाते.

आता खऱ्या नामशेष होण्याकडे येऊ. ऑस्ट्रेलियात एक विलक्षण बेडूक होता. त्याची मादी फलित अंडी गिळून टाकी, पोटातील आम्ल थांबवून तेथेच पिल्ले वाढवी आणि पूर्ण वाढ झालेले छोटे बेडूक तोंडावाटे बाहेर काढी. माझा प्रथम विश्वास बसला नाही. अशा दोनच जाती होत्या. एक १९८१ नंतर रानात दिसली नाही. दुसरी १९८४ मध्ये जगाला माहीत झाली आणि १९८५ नंतर दिसेनाशी झाली. पोटातील आम्ल थांबवण्याची युक्ती जठराच्या व्रणावरील औषधासाठी उपयोगी पडेल असे वाटत होते. तो अभ्यास तेथेच थांबला.

येथे जातींची नुसती मोजदाद फसवी ठरते. निकटच्या जातींचा मिळून एक वंश होतो. वंश म्हणजे आडनाव समजा. सह्याद्रीत झुडपांवर राहणाऱ्या चिमुकल्या बेडकांचा राओर्चेस्टेस नावाचा वंश आहे. त्यात साठाहून अधिक जाती आहेत. त्यांतील एक गेली तर हानीच, पण आडनाव लावणारी भावंडे पुष्कळ उरतात. ऑस्ट्रेलियातील त्या दोन जाती गेल्या तेव्हा मात्र आडनावच पुसले गेले. उत्क्रांतीच्या झाडाचे पान गळले नाही, फांदी तुटली.

असेच दोन भावांचे एक घराणे आपल्या महाराष्ट्रात आहे. बेडकाच्या खरखरीत कातडीच्या भाईबंदाला मराठीत भेक म्हणतात. कोयना परिसरातील एका भेकाची नोंद १९६३ मध्ये झाली. पुढे २००९ मध्ये डॉ. एस. डी. बिजू, डॉ. वरद गिरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिंधुदुर्गातील आंबोलीचा भेक जगापुढे आणला आणि या दोघांसाठी झँथोफ्रायनी हा नवा वंश मांडला. झँथोफ्रायनी म्हणजे पिवळा भेक. आंबोलीच्या भेकाच्या कुशीवर वाघासारखे पिवळे पट्टे असतात, म्हणून त्याचे नाव टायग्रिना. या वंशात जगभरात दोनच जाती, आणि दोन्ही सह्याद्रीच्या आपल्या बाजूला. आंबोलीचा भेक अतिसंकटग्रस्त जातींच्या यादीत आहे.

माझ्या मुलीच्या प्रश्नाला खरे तर आंबोलीत अर्थ आहे. तेथील जांभ्या दगडाच्या सड्यावर पावसाळ्याच्या आरंभी उथळ पाणी साचते आणि त्यातच हे भेक अंडी घालतात. पाऊस मध्येच दडी मारून बसला तर ते पाणी आटते. त्याच दिवसांत धबधबा पाहायला गाड्यांची रीघ लागते आणि रात्री रस्ता ओलांडणारे भेक चाकांखाली येतात. नागपूरच्या बेडकाला दुसऱ्या शाखा पुष्कळ आहेत. आंबोलीच्या भेकाची शाखा एकच, आणि ती त्या सड्यावर.