आंतरवासितेनंतरची वाट : अमेरिकेतील पशुवैद्यकीय प्रशिक्षणासाठी अर्ज

महाराष्ट्रात पशुवैद्यकाच्या शास्त्रशुद्ध शिक्षणाचा पाया १८८६ मध्ये मुंबईतील परळ येथे घातला गेला. त्या वर्षी स्थापन झालेल्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या जोडीला बाई साकराबाई दिनशा पेटिट पशुरुग्णालय होते. आजारी जनावर समोर असल्याखेरीज पशुवैद्य घडत नाही, हे तत्त्व तेव्हापासूनच मान्य झालेले आहे. आज नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ येथेही पशुवैद्यकीय महाविद्यालये असून ती सर्व नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाशी निगडित आहेत. आपल्या वसतिगृहातील अनेक विद्यार्थी शेतकरी व शेतमजूर कुटुंबांतून आलेले आहेत. जनावरांचा लळा त्यांना लहानपणापासून असतो. परंतु या शास्त्रातील उच्च प्रशिक्षणाच्या वाटांची माहिती त्यांच्यापर्यंत क्वचितच पोहोचते. ही माहिती क्रमवार मांडणे एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

एक शब्द, दोन अर्थ

प्रथम एक गोंधळ दूर केला पाहिजे. आपल्याकडे पदवी अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा असून त्यात एका वर्षाची आंतरवासिता, म्हणजेच इंटर्नशिप, समाविष्ट असते. ती सक्तीची आहे. ती पूर्ण केल्यावरच पदवी मिळते आणि राज्य पशुवैद्यक परिषदेकडे नोंदणी करता येते. तिच्यासाठी स्वतंत्र स्पर्धा नसते.

अमेरिकेत मात्र याच शब्दाचा अर्थ निराळा आहे. तेथील इंटर्नशिप पदवीनंतरची आणि ऐच्छिक असते. साधारण एक वर्ष नवा पशुवैद्य विद्यापीठाच्या अध्यापन रुग्णालयात किंवा मोठ्या खासगी रुग्णालयात वेगवेगळ्या विभागांतून काम करतो. त्यानंतरची पायरी म्हणजे रेसिडेन्सी. शस्त्रक्रिया, अंतर्गत रोगचिकित्सा, नेत्ररोग, भूलशास्त्र अशा एकाच विषयात बहुधा तीन वर्षे तज्ज्ञांच्या देखरेखीखाली हे प्रशिक्षण चालते. ते पूर्ण करून त्या विषयाच्या तज्ज्ञमंडळाची परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्यास ‘डिप्लोमेट’ म्हणतात. म्हणून आपल्या आंतरवासितेचे प्रमाणपत्र हाती आले की तेथील इंटर्नशिप झाली, असा समज कोणी करून घेऊ नये.

अर्जात काय असते

तेथील बहुसंख्य जागा एका सामाईक जुळणी-योजनेतून भरल्या जातात. अमेरिकन असोसिएशन ऑफ व्हेटरिनरी क्लिनिशियन्स ही संस्था ती चालवते आणि तिच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘व्ही.आय.आर.एम.पी.’ असे तिचे संक्षिप्त नाव रूढ आहे. उमेदवार एकच अर्ज भरून अनेक रुग्णालयांकडे पाठवू शकतो; मात्र निवडलेल्या कार्यक्रमांच्या संख्येनुसार शुल्क वाढत जाते.

अर्जासोबत गुणपत्रके, शैक्षणिक व व्यावसायिक परिचय, हेतुपत्र आणि किमान तीन शिफारसपत्रे लागतात. हेतुपत्रात लहानपणापासून प्राण्यांची आवड असल्याचे सांगून उपयोग नसतो. ते प्रत्येकच उमेदवार सांगतो. कोणत्या प्रकारचे रुग्ण हाताळले, त्यातून काय शिकलो, हाच विषय का निवडला आणि पुढे काय करावयाचे आहे, हे मोजक्या शब्दांत लिहावे लागते.

शिफारसपत्र ही आपल्या विद्यार्थ्यांची खरी अडचण असते. ज्यांच्या घरात पूर्वी कोणी पदवीधर नव्हते, त्यांना प्राध्यापकांशी बोलण्याचाच संकोच वाटतो. पण ही पत्रे ओळखीपाळखीची नसतात. विद्यार्थ्याला प्रत्यक्ष काम करताना पाहिलेल्या शिक्षकाला एका ठरावीक नमुन्यात त्याचे ज्ञान, हातातील कौशल्य, जबाबदारीची जाणीव आणि इतरांशी वागणूक यांविषयी मत नोंदवायचे असते. त्यामुळे आंतरवासितेच्या वर्षात वेळेवर हजर राहणे, रुग्णनोंदी नीट ठेवणे आणि शंका विचारणे हीच शिफारसपत्राची तयारी होय. ज्याने आपले काम जवळून पाहिले आहे अशा शिक्षकाचे पत्र केवळ मोठ्या पदावरील व्यक्तीच्या पत्राहून अधिक उपयोगी पडते.

पसंतीक्रमाचे गणित

उमेदवार रुग्णालयांचा पसंतीक्रम देतो, रुग्णालये उमेदवारांचा क्रम देतात आणि संगणक दोहोंची जुळणी करतो. अमेरिकेत मानवी वैद्यकातील डॉक्टरांसाठी अशी जुळणी १९५२ पासून होत आहे. तिच्यामागील तत्त्व डेव्हिड गेल व लॉइड शॅप्ली या गणितज्ञांनी १९६२ मध्ये सिद्ध केले. शॅप्ली आणि आल्विन रॉथ यांना २०१२ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक याच विषयातील कार्यासाठी मिळाले.

एक उदाहरण घेऊ. ‘प’ आणि ‘फ’ या दोन रुग्णालयांत प्रत्येकी एक जागा आहे. अ आणि ब यांची पहिली पसंती ‘प’, दुसरी ‘फ’. क ची पहिली पसंती ‘फ’, दुसरी ‘प’. ‘प’ चा क्रम ब, अ, क असा आहे आणि ‘फ’ चा अ, क, ब असा. प्रथम अ ला ‘प’ मध्ये आणि क ला ‘फ’ मध्ये तात्पुरती जागा मिळते. मग ब ‘प’ कडे येतो. ‘प’ ला तो अधिक हवा असल्याने अ ची जागा जाते. अ आता ‘फ’ कडे वळते. ‘फ’ च्या यादीत ती क च्या वर असल्याने क ला जागा सोडावी लागते. क ‘प’ कडे जातो, पण तेथे ब वरचढ ठरतो. शेवटी ब ला ‘प’ आणि अ ला ‘फ’ मिळते; क ला जागा मिळत नाही.

अ ने अवघड रुग्णालय प्रथम लिहिले म्हणून तिचे काहीच बिघडले नाही, हे येथे लक्षात घ्यावे. म्हणून मिळेल की नाही या भीतीने मनातील क्रम बदलू नये. मात्र जेथे जाण्याची तयारी नाही असे नाव यादीत घालू नये, कारण निकाल दोन्ही बाजूंवर बंधनकारक असतो.

भारतीय पदवीधराने आधी काय तपासावे

प्रत्येक कार्यक्रमाच्या माहितीत परदेशी पदवीधरांना प्रवेश आहे किंवा नाही हे दिलेले असते. ते वाचल्याशिवाय शुल्क भरू नये. अनेक ठिकाणी अमेरिकन व्हेटरिनरी मेडिकल असोसिएशनचे समकक्षता प्रमाणपत्र मागतात. त्यासाठी पदवीची पडताळणी, इंग्रजीची परीक्षा, लेखी परीक्षा आणि शेवटी भूल, शस्त्रक्रिया, क्ष-किरण, शवविच्छेदन इत्यादींची प्रत्यक्ष चाचणी असे टप्पे असतात. हा मार्ग खर्चिक व दीर्घ आहे. व्हिसाचा प्रश्नही प्रत्येक विद्यापीठाकडे आधीच विचारून घ्यावा.

पैशाबाबत एक भेद महत्त्वाचा आहे. केंद्र शासनाची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती आणि अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठीची महाराष्ट्राची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती या पदव्युत्तर पदवी व पीएच.डी. यांसाठी आहेत. रेसिडेन्सी हे वेतनासह प्रशिक्षण असते, पदवी नव्हे. काही विद्यापीठे रेसिडेन्सीला पदव्युत्तर पदवीची जोड देतात. तेथे शिष्यवृत्ती लागू होते का, हे अर्जापूर्वी समाजकल्याण विभागाकडून लेखी विचारून घेणे शहाणपणाचे.

परदेशी न जाताही तज्ज्ञ होता येते. आपल्या विद्यापीठांत दोन वर्षांची एम.व्ही.एस्सी. पदवी शस्त्रक्रिया, प्रसूतिशास्त्र, औषधवैद्यक या विषयांत घेता येते. १८८९ मध्ये पुण्यात सुरू झालेली आणि आज बरेलीजवळील इज्जतनगर येथे असलेली भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था हेही उच्च शिक्षणाचे मोठे केंद्र आहे.

दहावीतील विद्यार्थ्याला हे सारे दूरचे वाटेल. त्याने आज तीन गोष्टी कराव्यात : अकरावीला जीवशास्त्र घ्यावे, कारण पशुवैद्यकाचा प्रवेश ‘नीट’ परीक्षेतूनच होतो, इंग्रजीत रोज एक पान लिहावे, आणि गावातील पशुवैद्यकीय दवाखान्यात सुटीत जाऊन डॉक्टर काय करतात ते वहीत टिपून ठेवावे.