गच्चीवरच्या पवनचक्कीवर विहिरीची मोटार चालेल का? आधी वाऱ्याचा हिशेब समजून घ्या

अंबड : शेतीला लाईट रात्रीची, त्यात ती कधी जाईल याचा भरवसा नाही. अशा वेळी मोबाईलवर गच्चीवर गरगर फिरणाऱ्या छोट्या पवनचक्कीचा व्हिडिओ दिसला की कोणाच्याही मनात येतं, ही बसवली तर विहिरीची मोटार चालेल का? पैसे देण्याआधी पवनचक्की वीज कशी बनवते आणि तिला किती वारा लागतो, हे पाहिलेलं बरं.

पवनचक्कीचं काम घरातल्या पंख्याच्या उलट चालतं. पंख्याला वीज दिली की वारा मिळतो, इथे वारा दिला की वीज मिळते. पात्यांचा आकार विमानाच्या पंखासारखा असतो. वारा त्यावरून गेला की पातं एका बाजूला ओढलं जातं आणि फिरू लागतं. मोठ्या पवनचक्कीची पाती मिनिटाला साधारण दहा ते वीस फेरेच घेतात. एवढ्या संथ गतीवर साधं जनित्र चालत नाही, म्हणून मनोऱ्यावरच्या पेटीत गिअरबॉक्स बसवून हे फेरे हजार-दीड हजारांपर्यंत वाढवतात. काही कंपन्या गिअरबॉक्स न लावता मोठ्या घेराचं जनित्र वापरतात. वाऱ्याची दिशा बदलली की अख्खी पेटी त्या तोंडाला वळते. वादळी वारा, म्हणजे ताशी 90 किलोमीटरच्या आसपास, सुटला की चक्की स्वतःच बंद होते.

आता मुद्द्याची गोष्ट. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्यातली ताकद दुप्पट नाही, आठपट होते. आणि वेग निम्मा झाला की ताकद आठव्या हिश्श्यावर येते. बहुतेक फसगत इथेच होते.

समजा, गच्चीवर 2 मीटर व्यासाची चक्की बसवली. वारा सेकंदाला 3 मीटर, म्हणजे ताशी 11 किलोमीटरच्या आसपास असेल, तर तिच्यातून जेमतेम 15 वॅट निघतील. एखादा एलईडी बल्ब लागेल. वेग 6 मीटर झाला तर 120 वॅटच्या आसपास. तीन एचपीच्या मोटारीला मात्र सव्वादोन हजार वॅटपेक्षा जास्त लागतात. म्हणजे चांगला वारा सुटला तरी मोटार हलायची नाही. त्यात वाऱ्यातली सगळी ताकद कोणतंच यंत्र काढू शकत नाही. जर्मन शास्त्रज्ञ आल्बर्ट बेट्झ यांनी शंभर वर्षांपूर्वीच दाखवून दिलं की कितीही चांगली चक्की बनवली तरी 59 टक्क्यांच्या वर जाता येत नाही. छोट्या चक्क्या तर 30 टक्क्यांच्या आसपासच राहतात.

दुसरी गोष्ट उंचीची. ही शेतकऱ्याला सांगायची गरजच नाही. खळ्यावर धान्याला वारं देताना माणूस तिवईवर उभा राहायचा तो उगाच नाही. जमिनीलगत झाडं, घरं, बांध वारा अडवतात, वर तो मोकळा असतो. म्हणूनच मोठ्या चक्क्यांचे मनोरे 80 ते 140 मीटर उंच असतात आणि त्या शक्यतो डोंगरमाथ्यावर उभ्या केल्या जातात. सातारा जिल्ह्यातलं वनकुसवडे पठार, धुळ्यातलं ब्राह्मणवेल ही राज्यातली नावाजलेली ठिकाणं. शहागडचा पूल ओलांडून पुढे गेलं की बीड, धाराशिवकडच्या बालाघाटाच्या डोंगरांतही असे प्रकल्प आहेत. तिथेही कंपन्या आधी मनोरा उभारून निदान वर्षभर वारा मोजतात, कारण आपल्याकडे खरा जोर पावसाळ्यात असतो. गावातल्या गच्चीवर मात्र शेजारचं लिंबाचं झाड किंवा पाण्याची टाकीसुद्धा वारा खाते.

प्रकार म्हणाल तर मुख्य दोन. आडव्या आसाची, म्हणजे तीन पात्यांची नेहमीची चक्की. वीजनिर्मितीच्या जवळपास सगळ्या मोठ्या चक्क्या याच असतात. आणि उभ्या आसाची, जी व्हिडिओत जास्त दिसते. तिला वाऱ्याकडे तोंड वळवावं लागत नाही, ही तिची जमेची बाजू. त्यातली साव्होनियस जातीची चक्की तर पिंप उभं चिरून दोन अर्ध्या सरकवून जोडल्यासारखी असते. हलक्या वाऱ्यावरही फिरते, पण वीज कमी देते. डॅरियस जातीची बाकदार पात्यांची चक्की वीज बरी देते, पण बऱ्याचदा तिला सुरुवातीचा धक्का द्यावा लागतो. याशिवाय जुन्या पद्धतीची, पुष्कळ पात्यांची पाणी उपसणारी चक्की असते. ती वीज बनवतच नाही, सरळ दांड्याने पंप वरखाली करते. जनावरांच्या हौदापुरतं पाणी तिच्यावर निघू शकतं, उसाचं भिजवण नाही.

विकणारा ‘एक किलोवॅटची चक्की’ म्हणाला, तर शेतकऱ्याने एकच विचारावं : किती वेगाच्या वाऱ्याला? बहुतेकदा तो आकडा सेकंदाला 11-12 मीटरचा असतो. एवढ्या वाऱ्यात मोठ्या फांद्या हलतात, छत्री सांभाळत नाही. त्याच्या निम्म्या वाऱ्यात हीच चक्की सव्वाशे वॅटवर येते. मोटारीसाठीच पैसे घालायचे असतील तर ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याला 10 टक्के, तर अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला 5 टक्केच रक्कम भरावी लागते, आणि अंबडकडे उन्हाला तोटा नाही.