फडावरचा भूगोल

मुकादमाची उचल घेतलेली ऊसतोड कुटुंबं दिवाळीच्या सुमारास बीड सोडतात, परततात मार्च-एप्रिलमध्ये. तोवर भूगोलाचे निम्मे धडे उरकलेले. गावात आजी-आजोबांकडे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहं आहेत. २०२१ मध्ये संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजनाही मंजूर झाली. पण धाकट्याला सांभाळायला फडावर नेलेल्या मुलीचं काय?

पर्जन्यछाया, स्थलांतर हे धडे खरं तर तिनेच वर्गाला सांगावेत. बालाघाटावरची कोरडवाहू रानं, मग भीमा-कृष्णा ओलांडून कोल्हापूर, बेळगावचे कारखाने, पाचटाने शाकारलेली कोपी, पहाटे भरायची बैलगाडी. गावातल्या टोळ्या कुठं जातात, एवढं जरी गुरुजींनी भिंतीवरच्या नकाशात मुलांकडून भरून घेतलं, तरी अर्धा धडा झाला.