उपचारासाठी मदतीचा मेसेज आलाय? ‘फेक आहे’ लिहिण्याआधी एवढं तपासा

आमच्या गोरेगावच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर महिन्यातून एकदा तरी असा मेसेज येतोच. नाकात नळी घातलेल्या लहान मुलाचा फोटो, आजाराचं अवघड नाव, मोठा आकडा आणि खाली क्यूआर कोड. पुढची चर्चाही ठरलेली असते. एक जण हात जोडलेला इमोजी टाकतो, दुसरा ‘फेक आहे, पैसे पाठवू नका’ असं लिहितो, तिसरा कुणीतरी फसल्याचा किस्सा सांगतो. दहा मिनिटांत विषय संपतो आणि मेसेज खरा होता की खोटा, हे कुणीच बघितलेलं नसतं.

शंका घेणं चांगलंच आहे. पण न तपासता ‘फेक’ म्हणण्याचीही किंमत असते. मेसेज खोटा असेल तर आपले पाचशे रुपये चोराकडे जातात. खरा असेल तर आपल्या एका कमेंटमुळे पन्नास जणांचे पाचशे रुपये थांबतात, तेही ज्या घराला एकेक दिवस महाग आहे तिथे. म्हणून शंका आली की काय तपासायचं, ते आज बघूया.

खरी गोष्टच खोटी वाटते तेव्हा

२०२१ च्या सुरुवातीची मुंबईतली घटना बऱ्याच जणांना आठवत असेल. जेमतेम पाच-सहा महिन्यांच्या एका मुलीला एसएमए टाइप १ हा आजार झाला होता. या आजारात एका जनुकातल्या दोषामुळे स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसांना लागणारं प्रोटीन पुरेसं तयार होत नाही. हळूहळू हातपाय हलवणं, गिळणं आणि मग श्वास घेणंही कठीण होतं. उपाय होता झोलजेन्स्मा नावाचं औषध. ते एकदाच द्यायचं असतं. किंमत सुमारे १६ कोटी रुपये.

‘एका इंजेक्शनला १६ कोटी? काहीही!’ ही कुणाचीही पहिली प्रतिक्रिया असणार. पण यातली प्रत्येक गोष्ट तपासता येत होती. या औषधाला अमेरिकेच्या एफडीएने मे २०१९ मध्ये मान्यता दिली होती आणि नोव्हार्टिस कंपनीने किंमत उघडपणे जाहीर केली होती: २१ लाख २५ हजार डॉलर. रुपयांत हिशेब केला की आकडा जुळतो. मुलीच्या आईवडिलांनी क्राउडफंडिंगमधून ही रक्कम उभी केली. त्यावर आयात शुल्क आणि जीएसटी मिळून आणखी सुमारे ६ कोटी लागणार होते. तेव्हाचे विरोधी पक्षनेते देवेंद्र फडणवीस यांनी पंतप्रधानांना पत्र लिहिलं आणि केंद्राने हा कर माफ केला. २६ फेब्रुवारी २०२१ ला माहीमच्या हिंदुजा हॉस्पिटलमध्ये तिला औषध दिलं गेलं.

म्हणजे आकडा अवाढव्य आहे एवढ्यावरून मेसेज खोटा ठरत नाही. उलट फसवणारा माणूस लहान रक्कमही मागू शकतो, कारण तेवढ्या रकमेवर फारसे प्रश्न विचारले जात नाहीत.

त्याच वर्षी पिंपरी-चिंचवडमधल्या एका चिमुकलीलाही लोकवर्गणीतून हेच औषध जूनमध्ये मिळालं. ऑगस्टच्या सुरुवातीला ती गेली. पैसे खरे होते, औषध खरं होतं, तरीही तसं झालं. त्यामुळे ‘पेशंट वाचला नाही, मग पैसे गेले कुठे?’ या प्रश्नाचं उत्तर कधीकधी अगदी साधं असतं: औषधात गेले.

योग्य प्रश्न कोणता?

आपण सगळे विचारतो, ‘हे मूल खरं आहे का?’ इथेच गडबड होते. चोर बऱ्याचदा खऱ्या मुलाचा फोटो, खऱ्या हॉस्पिटलचं पत्र आणि खरी गोष्ट उचलतात. बदलतात फक्त क्यूआर कोड. मूल शंभर टक्के खरं असतं आणि पैसे मात्र भलत्याच्याच खात्यात पडतात.

म्हणून प्रश्न असा विचारा: माझे पैसे नक्की कुणाच्या खात्यात जाणार आहेत? खालच्या पायऱ्या याच प्रश्नासाठी आहेत.

१. फोटो शोधा. फोटो गॅलरीत सेव्ह करा, गुगल लेन्स उघडा आणि तो फोटो निवडा. तोच फोटो तीन वर्षांपूर्वी दुसऱ्या नावाने, दुसऱ्या गावासाठी फिरला असेल तर लगेच कळतं. पण काहीच सापडलं नाही म्हणजे फोटो खरा, असं समजू नका. एआयने बनवलेला फोटो किंवा कालच काढलेला फोटो लेन्सला सापडणार नाही.

२. मेसेजवरचे बाण बघा. दोन बाण आणि ‘खूप वेळा फॉरवर्ड केलेलं’ असं लेबल दिसलं तर तो मेसेज निदान पाच हातांतून आलाय. म्हणजे पाठवणाऱ्या काकांना त्या कुटुंबाबद्दल बहुधा काहीच माहीत नाही. ‘तुम्ही यांना ओळखता का?’ एवढंच त्यांना विचारा. आणि हो, ‘प्रत्येक शेअरमागे कंपनी एक रुपया देईल’ असं लिहिलेलं असेल तर तिथेच थांबा. फॉरवर्ड केल्याबद्दल व्हॉट्सॲप किंवा फेसबुक कुणाच्याही उपचाराला पैसे देत नाही.

३. क्यूआर स्कॅन करा, पण पिन टाकू नका. स्कॅन केल्यावर ॲपमध्ये पैसे घेणाऱ्याचं नाव दिसतं. २०२५ मध्ये एनपीसीआयने नियम केला की यूपीआय ॲपने बँकेत नोंदवलेलंच नाव दाखवायचं, स्वतः ठेवलेलं टोपणनाव नाही. ते नाव पेशंटचं, आईवडिलांचं, हॉस्पिटलचं किंवा क्राउडफंडिंग प्लॅटफॉर्मचं आहे का ते बघा. तिसऱ्याच माणसाचं असेल तर कारण विचारा. काकांचं किंवा मित्राचं खातं असू शकतं, पण मग तसं सांगता आलं पाहिजे.

४. हॉस्पिटलला फोन करा. नंबर मेसेजमधला घेऊ नका, हॉस्पिटलच्या अधिकृत वेबसाइटवरून घ्या. पेशंटच्या आजाराची माहिती ते देणार नाहीत आणि देऊही नये. त्याऐवजी बिलिंग किंवा समाजसेवा विभागाला विचारा, ‘या पेशंटच्या नावावर मला थेट पैसे भरता येतील का?’ उत्तर हो असेल तर तुमचा प्रश्न सुटला. क्यूआर कोडची गरजच उरली नाही.

५. मूळ पान स्वतः शोधा. केटो, मिलाप, इम्पॅक्टगुरू अशा प्लॅटफॉर्मचं नाव मेसेजमध्ये असेल तर लिंकवर क्लिक करू नका. ब्राउझरमध्ये प्लॅटफॉर्म उघडा आणि तिथे पेशंटचं नाव टाकून शोधा. पान सापडलं की हॉस्पिटलचं नाव, खर्चाचं पत्र, पैसे कोण काढणार आणि आधीचे अपडेट वाचा. पैसे भरताना ‘टिप’ नावाचा रकाना दिसला तर ती रक्कम पेशंटला नाही, प्लॅटफॉर्मला जाते. ती कमी करता येते किंवा शून्यही करता येते का ते बघा.

‘२४ तासांत ऑपरेशन’ यावरून काहीच सिद्ध होत नाही. खऱ्या घरातही घाई असते आणि चोरालाही तुम्हाला घाईच करायला लावायची असते.

‘सरकारी योजना असताना हे पैसे का मागतात?’

ग्रुपवर हमखास येणारा हा दुसरा प्रश्न. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत एका कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. पण ते ठरलेल्या उपचारांसाठी आणि योजनेतल्या हॉस्पिटलमध्येच मिळतं. धर्मादाय हॉस्पिटलांना १० टक्के खाटा गरिबांसाठी मोफत आणि १० टक्के सवलतीत राखून ठेवाव्या लागतात, पण त्यालाही उत्पन्नाची अट आहे. दुर्मिळ आजारांसाठी केंद्र सरकार २०२२ पासून ५० लाखांपर्यंत मदत देतं. १६ कोटींपुढे ते किती पुरणार, हे सांगायला नको.

म्हणजे योजना असूनही एखादं कुटुंब हात पसरतंय, हे अगदी शक्य आहे. उलट योजना माहीत नसलेलंही एखादं घर असतं. त्यांना हे दोन-तीन पर्याय सांगणं हीसुद्धा मदतच.

दुर्मिळ आजार असेल तर आणखी एक रस्ता आहे. २०२१ च्या राष्ट्रीय धोरणानुसार आरोग्य मंत्रालयाने क्राउडफंडिंगसाठी स्वतःचं पोर्टल सुरू केलंय. त्यात ठरावीक सरकारी केंद्रांमध्ये नोंदलेल्या पेशंटना मदत करता येते. मुंबईत परळचं केईएम हे असं केंद्र आहे. इथे पैसे कुणा माणसाच्या खात्यात जात नाहीत, केंद्राकडे जातात.

शंका कशी विचारायची?

‘फेक वाटतंय’ याला कुणी काय उत्तर देणार? त्याऐवजी हे कॉपी करून ठेवा:

‘मदत करायची आहे. हॉस्पिटलचं नाव, पेशंटचा नोंदणी क्रमांक आणि थेट हॉस्पिटलमध्ये पैसे भरायचा मार्ग सांगाल का?’

खऱ्या नातेवाइकांना हा प्रश्न अपमानाचा वाटत नाही. बिलाच्या रांगेत उभं राहून हे सगळे आकडे त्यांना पाठ झालेले असतात. खोटा माणूस मात्र चिडतो, रडतो, नाहीतर ब्लॉक करतो. त्यातला नोंदणी क्रमांक शक्यतो खासगी मेसेजवर मागवा. आजारी मुलाची कागदपत्रं दोनशे लोकांच्या ग्रुपवर फिरवायची काही गरज नाही. तीच कागदपत्रं उचलून पुढचा खोटा मेसेज तयार होतो.

पैसे गेलेच तर

लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा आणि आपल्या बँकेलाही कळवा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम समोरच्या खात्यात थोपवण्याची शक्यता जास्त. व्यवहाराचा क्रमांक आणि मेसेजचे स्क्रीनशॉट जपून ठेवा. चॅट डिलीट करू नका.

आणि तपासल्यावर मेसेज खरा निघाला तर तेही ग्रुपवर तितक्याच ठळकपणे लिहा: ‘हॉस्पिटलला फोन केला, पेशंट दाखल आहे, पैसे थेट तिथे भरता येतात.’ ‘फेक’ लिहायला आपल्याला दोन सेकंद लागतात. हे लिहायला फार तर वीस लागतील, आणि ज्यांनी तुमच्यामुळे हात आखडता घेतला नाही त्यांचे पैसे योग्य ठिकाणी पोचतील.