नव्या पाखराला वेगळा पिंजरा

आमच्या घनसावंगीसारख्या आडवळणाच्या तालुक्याच्या गावीही आता रंगीत पाखरांची हौस येऊन पोचली आहे. बाजाराच्या दिवशी, नाही तर रामनवमीला समर्थांच्या जांबेत गर्दी लोटते तेव्हा, मोटारसायकलीच्या मागे जाळीचा पिंजरा बांधून एखादा विक्रेता हमखास येतो. हिरवी, पिवळी, निळी इवलीशी पाखरे दांडीवर दाटीवाटीने बसलेली असतात. पोरे त्यांना ‘लव्हबर्ड’ म्हणतात. खरे तर ती बहुधा बजरीगर असतात, मूळची ऑस्ट्रेलियाची. खरा लव्हबर्ड आफ्रिकेचा. आपला देशी पोपट पिंजऱ्यात ठेवणे वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा असल्याने ही परदेशी कुळातली पाखरेच उघडपणे विकली जातात. पोर हट्ट धरते, आई नको नको म्हणते, बाप खिशात हात घालतो आणि एक जोडी घरी येते.

पुढची गोष्ट मी इतक्या घरांतून ऐकली आहे की आता ती मला पाठ झाली आहे. पहिले दोन दिवस कौतुकाचे. तिसऱ्या दिवशी एक पाखरू पिसे फुगवून कोपऱ्यात बसते. चौथ्या दिवशी डोळे मिटून घेते. आठवडा संपायच्या आत पिंजरा रिकामा होतो, आणि कधी कधी घरात आधीपासून असलेली जुनी जोडीही नव्याच्या मागोमाग जाते. मग कारणे निघतात. थंडी बाधली, दृष्ट लागली, मांजराने भेडसावले, बाजरी किडकी होती. एक प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही : हे पाखरू आपल्या घरी येण्याआधी कुठे आणि कुणाच्या शेजारी बसले होते?

तो प्रश्न विचारला की पाखरांच्या दुखण्याचे निम्मे कोडे सुटते. एका घरी वाढलेले पाखरू व्यापाऱ्याकडे जाते, तिथे दहा घरची पाखरे एकाच जाळीत येतात. मग मोठ्या शहरातले दुकान, मग जिल्ह्याचे गाव, मग आमचा बाजार. प्रत्येक मुक्कामी पाणी तेच, दाण्याची वाटी तीच, खाली साचलेली घाणही तीच. प्रवासाच्या धसक्याने अंगातले बळ खचलेले. त्यात पाखराची जातच अशी, की आजार शेवटपर्यंत लपवते. रानात जे पाखरू आजारी दिसते त्याच्यावर ससाणा पहिली झडप घालतो. म्हणून पिंजऱ्यातले पाखरूही अंगात ताकद आहे तोवर धडधाकट असल्याचे सोंग करते. आपल्याला आजार दिसतो तेव्हा तो शेवटाला आलेला असतो.

पोपटाने दिलेला ताप

ही केवळ पोराबाळांच्या हौसेची गोष्ट आहे असे कुणी समजू नये. पोपटवर्गातल्या पक्ष्यांना ‘सिटॅकोसिस’ नावाचा रोग होतो. त्याला पोपटज्वर म्हणू. त्याचे जंतू विष्ठेतून बाहेर पडतात. विष्ठा वाळली की तिची धूळ होते आणि पिंजरा झाडणाऱ्याच्या श्वासाबरोबर ती छातीत जाते. ताप, डोकेदुखी, कोरडा खोकला आणि पुढे न्युमोनिया, असा तो क्रम. 1929च्या अखेरीस दक्षिण अमेरिकेतले पोपट नाताळच्या भेटी म्हणून अमेरिकेत आणि युरोपात घरोघर गेले, आणि घरोघर माणसे आजारी पडू लागली. अखेर 24 जानेवारी 1930 रोजी अमेरिकेचे अध्यक्ष हूव्हर यांना पोपटांच्या आयातीवर बंदी घालावी लागली. आज या रोगावर चांगली औषधे आहेत. अडचण एवढीच की खोकल्याचा रोगी डॉक्टरांना घरातल्या पाखरांविषयी काही सांगत नाही, आणि डॉक्टरांनाही ते विचारायचे सुचत नाही.

दुसरा रोग आपल्या अधिक ओळखीचा. खेड्यातल्या कोंबड्यांत त्याला मानमोडी म्हणतात. पुस्तकी नाव राणीखेत. 1926 साली तो जावा बेटात आणि इंग्लंडमधल्या न्यूकॅसल गावात ओळखला गेला. पुढे हिमालयातल्या राणीखेतला सापडला म्हणून आपल्याकडे त्या गावाचे नाव त्याला चिकटले. कोंबडी हिरवी हगते, मान वाकडी करते, पंख टाकते आणि मरते. काही जातींच्या पोपटांच्या अंगात मात्र हा विषाणू महिनोन् महिने राहतो, आणि वरून काहीच दिसत नाही.

त्याची किंमत अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाने मोजली. 1971 ते 1973 या काळात तिथे मानमोडीची जबर साथ आली आणि तिचा माग निघाला तो विक्रीसाठी परदेशातून आणलेल्या हौशी पक्ष्यांपाशी. साथ आटोक्यात आणण्यासाठी सुमारे 1 कोटी 20 लाख कोंबड्या माराव्या लागल्या. त्यानंतर बाहेरून येणाऱ्या प्रत्येक पक्ष्याला 30 दिवस वेगळे ठेवण्याचा नियम त्या देशाने केला. दिवाणखान्यातल्या हौसेची वाट परसातल्या खुराड्यापर्यंत कशी जाते, ते यावरून कळावे.

वेगळे ठेवणे म्हणजे काय

‘क्वारंटाइन’ हा शब्द आपल्या खेड्यापाड्यांत 2020 साली करोनाबरोबर आला. गावाबाहेरच्या शाळांचे वर्ग रिकामे करून त्यांत शहरांतून परतलेली माणसे ठेवली गेली. शब्द मूळचा इटलीकडचा, त्याचा अर्थ चाळीस दिवस. प्लेगच्या भयाने जहाजे बंदराबाहेर थोपवून धरण्याची ती रीत. कल्पना साधी आहे. रोग अंगात शिरल्यापासून दिसू लागेपर्यंत काही दिवस जातात. मानमोडीला साधारण दोन ते पंधरा दिवस. तेवढे दिवस आणि वर थोडे जास्त, नव्या आलेल्याने जुन्यांत मिसळायचे नाही.

पण वेगळे ठेवणे म्हणजे सगळे पाहुणे एकाच खोलीत कोंडणे नव्हे. ऑक्टोबर 2005 मध्ये इंग्लंडमध्ये विलगीकरणात ठेवलेल्या पक्ष्यांत बर्ड फ्लूचा विषाणू सापडला. आधी बोट दाखवले गेले दक्षिण अमेरिकेतल्या सुरीनामहून आलेल्या पोपटाकडे. चौकशीअंती असे दिसले की मूळ लागण बहुधा तैवानहून आलेल्या लहान गाणाऱ्या पक्ष्यांत होती. दोन खंडांतले पक्षी एकाच जागी ठेवलेले होते. रोग दाराबाहेर गेला नाही, ही विलगीकरणाची पुण्याई. आणि आत ही सरमिसळ झाली, हा त्यातला दोष. त्यानंतर युरोपीय संघाने रानातून धरलेल्या पक्ष्यांची आयात आधी तात्पुरती आणि जुलै 2007 पासून कायमची बंद केली.

आपल्या बाजारात तर याच्या नेमके उलट चालते. नवा माल आला की थेट जुन्यांच्या पिंजऱ्यात. विक्रेत्याकडे पिंजराच एक असतो. पाखरांच्या दुकानांसाठी केंद्र सरकारने 2018 साली नियम केले, राज्य पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी सक्तीची केली. पण मोटारसायकलीवरच्या पिंजऱ्याला पाटी कुठे आणि नोंदणी कुठली!

नवापूर आणि मुरुंबा

बर्ड फ्लूचे नाव आपल्या घरात शिरले ते फेब्रुवारी 2006 मध्ये. नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला कोंबड्या हजारोंनी मरू लागल्या. सुरुवातीला सगळ्यांनी ती मानमोडीच मानली. भोपाळच्या प्रयोगशाळेने 18 फेब्रुवारीला निर्वाळा दिला तेव्हा कळले की ही भारतातली बर्ड फ्लूची पहिली साथ आहे. मग पांढऱ्या पोशाखातली पथके आली, खड्डे खणले गेले, लाखो पक्षी गाडले गेले. पुढच्याच महिन्यात जळगाव जिल्ह्यात तेच घडले. बरोबर पंधरा वर्षांनी, फेब्रुवारी 2021 मध्ये, रोग पुन्हा त्याच नवापुरात आला.

त्याच्या महिनाभर आधी तो आमच्या उंबऱ्याशी आला होता. जानेवारी 2021 मध्ये शेजारच्या परभणी जिल्ह्यातल्या मुरुंबा गावी बचत गटाच्या कुक्कुटपालन केंद्रात सुमारे 800 कोंबड्या मेल्या. अहवाल आला, एक किलोमीटरच्या आतले पक्षी मारण्याचा हुकूम निघाला, दहा किलोमीटरपर्यंत खरेदी-विक्री बंद झाली. त्या दिवसांत आमच्याकडे चिकनच्या दुकानात माशा उडत होत्या. नीट शिजवलेल्या मांसातून आणि अंड्यांतून हा विषाणू येत नाही, असे सरकार कंठरवाने सांगत होते. ऐकणारे थोडे होते.

त्याच सुमारास एका ओळखीच्या बाईंना मी सहज विचारले, ‘मावशी, कोंबड्यांना काही झाले तर कळवाल ना?’ त्या हसल्या. म्हणाल्या, ‘भाऊ, एकीनं मान टाकली की बाकीच्या घेऊन बाजार गाठायचा. मेल्यावर कोण पैसे देतं?’

त्या एका वाक्यात साथीचे सगळे मर्म आहे. परसातल्या दहा कोंबड्या म्हणजे त्या बाईंची बँक. अंड्यांच्या पैशांवर पोराची वही येते, नातीच्या पायात पैंजण येतात. त्या खोटारड्या नाहीत की अडाणी नाहीत. त्यांचा हिशेब चोख आहे. आणि तोच हिशेब पाखरे विकणाऱ्याचा. पिंजऱ्यात एक मेले की बाकीची संध्याकाळच्या आत विकून टाकायची. दोघांच्याही पायांनी रोग गावोगाव हिंडतो.

भय आणि भरवसा

महाराष्ट्राने हा धडा फार पूर्वी गिरवला आहे. 1897च्या प्लेगात पुण्यात गोरे सोजीर घरांत शिरून झडत्या घेऊ लागले, तेव्हा लोकांनी आजारी माणसे लपवली. दुखण्यापेक्षा झडतीचे भय मोठे झाले. रँड साहेबाचा शेवट आपण शाळेत वाचतो. त्याच साथीत सावित्रीबाई फुले आजाऱ्यांना उचलून आपल्या डॉक्टर मुलाच्या, यशवंतच्या, दवाखान्यात नेत होत्या. तो दवाखानाही गावाबाहेरच होता, रोगी तिथेही वेगळेच ठेवले जात. पण तिथे नेणारा हात मायेचा होता. ती सेवा करतानाच लागण होऊन 10 मार्च 1897 रोजी त्या गेल्या. वेगळे ठेवणे दोन्हीकडे होते. एकापासून लोक पळाले, दुसरीकडे विश्वासाने गेले.

पाखरांच्या बाबतीतही हेच खरे आहे. 2009 च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे जनावर किंवा पक्षी साथीच्या रोगाने आजारी दिसला तर मालकाने तो वेगळा बांधावा आणि ग्रामपंचायतीला किंवा गावातल्या अधिकाऱ्याला कळवावे, असे बंधन आहे. बर्ड फ्लूमध्ये सरकार जे पक्षी मारते त्यांची भरपाई मिळते. आधीच मेलेल्यांची मिळत नाही. म्हणजे लवकर सांगणारा काहीतरी पदरात पाडून घेतो आणि लपवणारा सगळे गमावतो. ही गोष्ट किती घरांना ठाऊक आहे? साथ आल्यावर भोंगा फिरवण्यापेक्षा ती एरवीच ग्रामसभेत सांगायला हवी, आणि भरपाईचा पैसा वेळेवर हातात पडायला हवा. पैसा वर्षाने येणार असेल तर मावशींचा हिशेब बदलणार नाही.

घरात पाखरे असतील तर आपल्या हातातले काम फार अवघड नाही. नवे पाखरू आणले की किमान 30 दिवस ते दुसऱ्या खोलीत, दुसऱ्या पिंजऱ्यात ठेवावे. दाणापाणी आधी जुन्यांना द्यावे, मग नव्याला, आणि नंतर हात साबणाने धुवावेत. वाट्या बदलू नयेत. पिंजरा कोरडा झाडू नये. खालचा कागद पाण्याने भिजवून मग उचलावा आणि नाकाला रुमाल बांधावा. पिंजरा खुराड्याजवळ टांगू नये. कोंबड्यांना लासोटाचे थेंब आणि पुढची लस पशुवैद्यकीय दवाखान्यातून वेळेवर द्यावी. एकाएकी पाच-सहा पक्षी मेले तर ते उकिरड्यावर फेकू नयेत, हाताळू नयेत, दवाखान्यात कळवावे. आणि घरात कुणाचा खोकला हटत नसेल तर डॉक्टरांना सांगावे : आमच्याकडे पाखरे आहेत.

विकत घेताना विक्रेत्यालाही दोन प्रश्न विचारावेत. ही कधी आली? यांतली किती मेली? तो प्रामाणिकपणे म्हणाला, ‘दादा, परवा दोन गेली,’ तर त्याच्यावर खेकसू नये. त्या दिवशी पाखरू घेऊ नये, महिन्याने त्याच्याकडूनच घ्यावे. खरे सांगणाऱ्याचे गिऱ्हाईक तुटत नाही, हे एकदा त्याला कळले, की दुसरा पिंजरा तो स्वतःहून आणील.